मधल्या वेळचे खाणे आणि बुद्धी



वसंतातील व्याख्यानांचा श्रोता मोठा सहनशील असतो. रानात करवंदे काळी पडू लागलेली असतात, आंब्याला पाड लागलेला असतो, दिवसभराचा उकाडा नुकता कोठे उतरलेला असतो, आणि अशा वेळी घरच्या ओसरीवरचा वारा सोडून तो येथे येऊन बसतो. अशा श्रोत्यापुढे वेदान्त मांडण्यापेक्षा खाण्याविषयी बोलावे, हे आम्हांस अधिक सुरक्षित वाटले. मात्र आम्ही पक्वान्नांविषयी बोलणार नाही, जेवणाविषयीही फारसे बोलणार नाही. आजचा विषय आहे मधल्या वेळचे खाणे, आणि त्याचा आपल्या स्मरणाशी व विचारशक्तीशी असलेला संबंध.

जेवणाला आपल्याकडे शास्त्र आहे. पान कसे वाढावे, मीठ कोठे, चटणी कोठे, पहिला घास कोणाचा, हे सारे ठरलेले आहे. मधल्या वेळच्या खाण्याला मात्र शास्त्र नाही. त्याला आपण ‘खाणे’ही म्हणत नाही, ‘काहीतरी तोंडात टाकले’ असे म्हणतो. पत्र पेटीत टाकावे, कचरा टोपलीत टाकावा, तसा वडा तोंडात टाकावा! या शब्दांतच आपली वृत्ती उघडी पडते. जे टाकले ते हिशेबात धरावयाचे नाही. वैद्याने विचारले, ‘दिवसभरात काय खाता?’ तर आपण दोन जेवणे सांगतो. सकाळच्या चहाबरोबरची बिस्किटे, गाडीची वाट पाहताना खाल्लेले भजे, कचेरीतील फरसाण, संध्याकाळची पुडी, यांची आठवण आपणांस होत नाही. स्मरणशक्तीचा पहिला पराभव तेथेच होतो.

हा विषय कर्जत-खालापूरच्या श्रोत्यांपुढे मांडण्यास एक खास कारण आहे. मधल्या वेळच्या खाण्याला आपल्या मुलखात इतिहास आहे. बोरघाटातील लोहमार्गाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली तो खुला झाला. दर सदतीस फुटांस एक फूट इतका त्याचा चढ. एका इंजिनाला तो झेपत नाही. म्हणून पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबावयाची, तिला मागून जोर देणारी जादा इंजिने लागावयाची, आणि मग ती घाट चढावयाची. इंजिने लागेपर्यंत प्रवाशाला वेळ मोकळा, खिडकी उघडी, आणि फलाटावर कढईतून नुकता निघालेला वडा! कर्जतच्या दिवाडकरांच्या वड्याची कीर्ती मुंबई-पुण्यास पोहोचली ती या थांब्याच्या पायी. पुढे २००२ साली द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला, तेव्हा खालापुरातही तेच घडले. पथकराचा नाका आला आणि त्याच्या अंगाने खाद्यपेयांची भव्य दालने आली. सांगावयाचे इतकेच, की सबंध महाराष्ट्राच्या जिभेला घाटाच्या पायथ्याशी थांबवून खाऊ घालणारे हे दोन तालुके आहेत. त्यांनीच या खाण्याचा विचार करू नये, तर कोणी करावा?

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढची गाडी पकडावयाची आहे त्यांची गैरसोय होणार नाही. कोणताही खाऊ बुद्धी वाढवीत नाही. परंतु शरीरातील उणीव बुद्धीला मंद करते, आणि अतिरेकही मंद करतो. ज्या घरात जेवण तोकडे आहे तेथे मधले खाणे ही उणीव भरून काढू शकते. ज्या घरात जेवण भरपूर आहे तेथे तेच खाणे अतिरेक घडवू शकते. या दोन्ही प्रकारची घरे आपल्या तालुक्यांत शेजारीशेजारी उभी आहेत.

प्रथम मेंदूच्या खर्चाचा हिशेब पाहू. प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के. परंतु शरीराला लागणाऱ्या एकूण शक्तीपैकी जवळजवळ वीस टक्के शक्ती तो एकटा खातो. आपण झोपलो तरी त्याचा खर्च थांबत नाही. लहान मुलाची गोष्ट आणखी निराळी. सुमारे पाच वर्षांच्या वयात मुलाच्या दिवसभराच्या खर्चापैकी चाळीस टक्क्यांहून अधिक वाटा मेंदूचा असतो, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. बरे, या खर्चासाठी मेंदूपाशी स्वतःचे कोठार जवळजवळ नाही. रक्त जे आणून देईल त्यावर त्याचा संसार. म्हणून रक्तात काय आहे आणि रक्तवाहिन्या कशा आहेत, या दोन प्रश्नांत आमच्या विषयाचे सार आले.

रक्तातील पहिली वस्तू म्हणजे लोह. लोहाच्या आधाराने रक्त प्राणवायू वाहून नेते, हे शाळेत आपण शिकलो. परंतु लोहाचे काम तेथेच संपत नाही. मज्जातंतू एकमेकांशी ज्या रसायनांच्या द्वारे बोलतात ती रसायने तयार होण्यास लोह लागते, आणि मज्जातंतूंवरचे वेष्टण तयार होण्यासही लागते. आता आपल्या देशाची स्थिती पाहा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर बालकांत सदुसष्ट, आणि पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांत सत्तावन्न रक्तक्षयी आढळल्या. सगळाच रक्तक्षय लोहाच्या अभावाने होतो असे नाही. तरी त्याचे ते एक मोठे कारण आहे. वर्गात मागच्या बाकावर पेंगणाऱ्या मुलीला गुरुजी ‘आळशी’ म्हणतात, सासू सुनेला ‘विसराळू’ म्हणते. त्या दोघींपैकी कितीजणींच्या रक्तात लोहच नसेल, हे ना गुरुजींना ठाऊक, ना सासूबाईंना!

ही उणीव भरून निघाली तर बुद्धीत काही फरक पडतो काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास आपणांस विलायतेस जावे लागत नाही. आपल्याच राज्यातील अहमदनगर जिल्ह्यात, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, त्याचा प्रयोग झाला. ‘धनशक्ती’ या नावाची बाजरीची एक जात २०१२ साली महाराष्ट्रात आली. साध्या बाजरीपेक्षा तिच्यात लोह अधिक असते. वसतिगृहांत राहणाऱ्या बारा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींचे दोन गट करण्यात आले. एकाला अधिक लोहाच्या बाजरीचे, दुसऱ्याला साध्या बाजरीचे पदार्थ सहा महिने देण्यात आले. आणि कोणाला कोणती बाजरी मिळते हे मुलांनाही ठाऊक नव्हते, तपासणाऱ्यांनाही नव्हते. पदार्थ कोणते? भाकरी आणि शेव! होय, आपली कुरकुरीत शेव. एकशेचाळीस मुलांच्या अवधानाच्या आणि स्मरणाच्या चाचण्या आरंभी व शेवटी घेण्यात आल्या. अधिक लोहाची बाजरी खाणारी मुले त्या चाचण्यांत अधिक सुधारली, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात नमूद आहे. यातून शेव खाल्ल्याने हुशारी येते असा अर्थ कृपा करून कोणी काढू नये. नाहीतर उद्या फरसाणाच्या दुकानावर ‘बुद्धिवर्धक’ अशी पाटी लागावयाची आणि तिच्याखाली आमचे नाव! अर्थ इतकाच, की पदार्थाचे रूप तेच राहिले, पीठ बदलले, आणि त्या पिठाचा परिणाम मुलाच्या अवधानापर्यंत पोहोचला.

या संदर्भात एक सोपी गोष्ट सांगतो, तिला पैसा लागत नाही. धान्यातील व भाज्यांतील लोह शरीरात कष्टाने शिरते. आंबट फळातील क जीवनसत्त्व त्याला दार उघडून देते. चहा ते दार लावून घेतो. आपण मात्र खाण्याबरोबर चहा घेतल्याशिवाय खाणे झाले असे मानीत नाही. चहा सोडा असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणून या गावातून सुखरूप बाहेर पडण्याची आमची उमेद नाही. चहा खाण्यापासून तासभर दूर ठेवा, आणि खाण्यावर लिंबू पिळा किंवा बरोबर आवळ्याची फोड खा, एवढेच सांगणे.

रक्तातील दुसरी वस्तू ब-बारा हे जीवनसत्त्व. १९१५ साली खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. त्या विजेच्या तारा घरात आल्या की त्यांवर वेष्टण लागते. नाहीतर वीज भलतीकडे जाते. मज्जातंतूंवरही असेच वेष्टण असते, आणि ते नीट राखण्यास ब-बारा आवश्यक आहे. ते वनस्पतींतून मिळत नाही. दूध, दही, ताक, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ सालापासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि त्यांची मुले यांचा पिढीभर अभ्यास केला. ज्या मातांच्या रक्तात गरोदरपणी ब-बारा फार कमी होते, त्यांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर अवधानाच्या आणि तात्कालिक स्मरणाच्या चाचण्यांत मागे पडलेली दिसली. हा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. आईने गरोदरपणी घेतलेला ताकाचा पेला किंवा खाल्लेले अंडे यांचा धागा मुलाच्या चौथीच्या वर्गापर्यंत जाऊ शकतो, हे ऐकून घरातील वडीलधाऱ्यांनी थोडे अंतर्मुख व्हावे. कारण आपल्या घरांत सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले खाणारी व्यक्ती कोण, हे आम्ही सांगावयास नको.

तिसरी गोष्ट रिकाम्या पोटाची. शाळेला निघालेले मूल चहा-बिस्किटावर दुपारपर्यंत बसते तेव्हा काय होते? जमैका बेटावरील सोळा खेड्यांतील शाळांत सुमारे आठशे मुलांवर एक प्रयोग झाला. अर्ध्यांना शाळेत वर्षभर न्याहारी दिली, अर्ध्यांना संत्र्याची एक फोड. न्याहारी मिळालेल्या मुलांची हजेरी वाढली, वाढ थोडी सुधारली, आणि लहान वर्गांतील मुलांचे गणित सुधारले. हा निबंध १९९८ सालचा. पेज-भात खाऊन शाळेत येणारे मूल आणि नुसता चहा पिऊन येणारे मूल यांच्यापुढे फळ्यावरचे गणित एकच असते. पण दोघांच्या मेंदूंची शिदोरी एक नसते.

आतापर्यंत उणिवेची कथा झाली. आता नाण्याची दुसरी बाजू. ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठाचे प्राध्यापक कार्लोस मोंतेइरो यांनी २००९ साली अन्नाचे एक नवे वर्गीकरण सुचविले. पदार्थात काय आहे एवढेच न पाहता त्यावर कारखान्यात किती प्रक्रिया झाली हे त्यांनी पाहिले. ज्या पदार्थांत मूळ धान्य वा फळ ओळखू येत नाही, ज्यांच्या वेष्टणावर आपल्या स्वयंपाकघरात कधीही न सापडणाऱ्या द्रव्यांची नावे असतात, असे पदार्थ त्यांनी शेवटच्या वर्गात घातले. रंगीत पुड्यांतील कुरकुरीत नळ्या, मलईची बिस्किटे, फेसाळ गोड पेये ही त्यांतली मंडळी.

त्याच देशात सुमारे पावणेअकरा हजार प्रौढांचा आठ वर्षे मागोवा घेण्यात आला. ज्यांच्या आहारात अशा पदार्थांचा वाटा एकूण उष्मांकांच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक होता, त्यांच्या बुद्धीची उतरण सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या मानाने अठ्ठावीस टक्के अधिक वेगाने झाली. हा निबंध २०२२ च्या अखेरीस आला. येथे सावध राहिले पाहिजे. हा प्रयोग नव्हे, निरीक्षण आहे. पुडी खाणारा माणूस कमी चालत असेल, कमी झोपत असेल; दोष सर्वस्वी पुडीचाच असे यावरून सिद्ध होत नाही. परंतु याला जोड देणारा एक लहान प्रयोगही आहे. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे एकशेदहा सडपातळ, निरोगी तरुणांपैकी एका गटाला एक आठवडा गोड, तेलकट, तयार खाण्याचा आहार दिला. मेंदूत समुद्रघोड्याच्या आकाराचा म्हणून ‘हिप्पोकॅम्पस’ हे नाव मिळालेला एक भाग आहे. नवी आठवण साठविण्याचे काम तो करतो. त्या भागावर अवलंबून असलेल्या स्मरणाच्या चाचण्यांत हा गट आठवड्यातच मागे पडला. आणि दुसरी गंमत अशी, की पोट भरलेले असतानाही गोडधोड समोर आले की त्यांची वासना शमेना. म्हणजे जो भाग ‘आता पुरे’ याची आठवण देतो, तोच मंदावला! २०२० सालचे हे काम वाचल्यावर, ‘एक पुडी फोडली की संपल्यावाचून हात थांबत नाही’ या आपल्या अनुभवाकडे आम्ही निराळ्या नजरेने पाहू लागलो.

वयस्क मंडळींसाठी याचा मार्ग रक्तवाहिन्यांतून जातो. २०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने सांगितले, की चौदा कारणे आयुष्यभर आटोक्यात ठेवली, तर स्मृतिभ्रंशाच्या विकारांपैकी सुमारे पंचेचाळीस टक्के टाळता किंवा लांबविता येतील. त्या यादीत मधुमेह आहे, रक्तदाब आहे, स्थूलता आहे, रक्तातील घातक चरबी आहे. ही चारही दुखणी आपल्या चारच्या चहाच्या टेबलावर येऊन बसतात. भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत आढळले. साखर मेंदूचे अन्न आहे हे खरे. पण रक्तात ती सदैव वाढलेली राहिली, तर ज्या बारीक नळ्यांतून मेंदूला अन्न जाते त्याच ती खराब करते. पेरलेल्या शेताला पाणी हवे. म्हणून बांध फुटेपर्यंत पाणी सोडणाऱ्याला कोणी शेतकरी म्हणत नाही.

मग स्मरणशक्तीसाठी नेमके काय खावे, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. परीक्षा जवळ आल्या की माता मुलांना मोजून बदाम देतात आणि वर्तमानपत्रांत चूर्णांच्या जाहिराती येतात. याविषयी शास्त्र काय म्हणते ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सातशेहून अधिक वृद्धांपैकी निम्म्यांना दोन वर्षे रोज अक्रोड देऊन पाहिले. बुद्धीची उतरण एकंदरीत थांबली नाही. ते वर्ष २०२०. मेंदूसाठी खास आखलेला पालेभाज्या, फळे, कडधान्ये यांचा एक आहार अमेरिकेत सहाशे वृद्धांपैकी निम्म्यांनी तीन वर्षे पाळला. दुसऱ्या गटाहून त्यांचा लक्षणीय फायदा दिसला नाही. ते वर्ष २०२३. उलट फिनलंडमध्ये १२६० वृद्धांपैकी एका गटाला आहार, व्यायाम, बुद्धीला खाद्य आणि रक्तदाबावर नजर, असे चारही उपाय एकत्र दिले, तेव्हा दोन वर्षांत फरक दिसला. तो निबंध २०१५ चा. सारांश, एका बदामावर बुद्धीचा डोलारा उभा राहत नाही. ज्याची उणीव आहे त्याला ती भरून दिल्याने लाभ होतो. ज्याचे पोट आधीच भरलेले आहे त्याने वर अक्रोड खाल्ल्याने पोट तेवढे अधिक भरते.

आता आपल्या मुलखाकडे वळू. भात निघाल्यावर राहिलेल्या ओलीवर आपल्याकडे वाल पेरतात. या कडव्या वालाला मोड आणून, सोलून केलेले बिरडे जेवणात येते. परंतु त्याच मोडाची लिंबू पिळलेली उसळ चार वाजता का येऊ नये? मोड आल्याने त्यातील लोह शरीराला अधिक सुलभ होते. थंडीत आपण पोपटी लावतो. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, अंडी, आणि भोवती जाळ. रुचकर खाणे आणि शहाणे खाणे एकाच मडक्यात शिजू शकते, याहून चांगला पुरावा आम्हांस ठाऊक नाही. डोंगरउतारावर नाचणी होते. तिच्या शंभर ग्रॅम दाण्यांत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना असतो, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. आवळा आहे, करवंदे आहेत, जांभळे आहेत. भाजलेले शेंगदाणे आहेत, ज्यांच्या चौथ्या हिश्श्याइतके वजन प्रथिनांचेच असते. सुकटीची चटणी आणि भाकरीचा तुकडा हेही मधले खाणेच. वड्यावरही अन्याय करू नये. त्याच्या अंगावर हरभऱ्याचे पीठ आहे आणि पोटात बटाटा, लसूण आहे. तो पाहुण्यासारखा कधीमधी आला तर स्वागत आहे. रोज मुक्कामाला आला, त्यातही पुनःपुन्हा तापविलेल्या तेलात न्हाऊन आला, तर मात्र विचार करावा लागेल.

परंतु इतके सारे जवळ असताना पुडी का जिंकते? येथे उपदेश करणे फार सोपे आहे आणि फार अन्यायाचे आहे. मे महिन्यात आपल्या स्टेशनांबाहेर ठाकर-कातकरी भगिनी द्रोणांतून करवंदे, जांभळे विकावयास बसतात. शेजारी त्यांचे लेकरू असते, आणि त्याच्या हातात बहुधा रंगीत पुडी असते. क जीवनसत्त्व शहराच्या गाडीत चढते, आणि मीठ व तेल रानाकडे परतते! आपण म्हणतो, अज्ञान. पण त्या आईच्या बाजूने पाहा. पुडीला चूल लागत नाही, सरपण लागत नाही, ती नासत नाही, रडणारे मूल क्षणात गप्प होते, आणि ती पाच रुपयांत येते. पावसाळा संपल्यावर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पुढच्या पावसापर्यंत परतत नाहीत. दिवसभर मातीत उभ्या असलेल्या बाईने वालाला मोड केव्हा आणावेत? तिला अज्ञानी म्हणण्यापूर्वी तिच्या पाच रुपयांत दुसरे काय मिळू शकते, याचे उत्तर आपण दिले पाहिजे. उत्तर आहे. पाच रुपयांत मूठभर शेंगदाणे येतात. मात्र ते भाजून, स्वच्छ पुडीत घालून, त्याच दुकानात, त्याच उंचीवर टांगलेले असले पाहिजेत. चार-पाच वर्षांखालील मुलास अख्खे दाणे देऊ नयेत, ते घशात अडकतात. त्यांच्यासाठी कुटाचा लाडू असावा.

हे स्वप्नरंजन नव्हे. मुंबईच्या झोपडवस्त्यांत २००६ पासून काही वर्षे ‘सरस’ नावाचा एक मोठा प्रयोग झाला. सहा हजारांहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. पालेभाज्या, फळे आणि दूध यांचा अंश घालून सामोसा-भज्यांसारखे पदार्थ करण्यात आले, आणि गरोदर होण्यापूर्वीपासून स्त्रियांना ते रोज देण्यात आले. दुसऱ्या गटाला तसेच दिसणारे, पण बटाटा-कांद्यासारख्या कमी पोषक भाज्यांचे पदार्थ मिळाले. ज्यांची तपासणी झाली, त्यांत गरोदरपणीच्या मधुमेहाचे प्रमाण पहिल्या गटात शंभरी सात, तर दुसऱ्या गटात बारा दिसले. लोकांची जीभ न मोडता, गाडीवरच्या खाण्याचेच रूप घेऊन अन्न सुधारता येते, हे या प्रयोगाने दाखविले. बायकांना ‘भजी सोडा’ असे सांगून जे साधले नसते ते भज्याच्या आत पालेभाजी घालून साधले.

म्हणून आमचे मागणे तीन ठिकाणी आहे. पहिले घरात. मधल्या वेळचे खाणे हिशेबात धरा. आणि त्यात आई आणि मुलगी यांचा वाटा आधी काढा, उरला तर नव्हे. थकवा आणि विसराळूपणा दिसला तर रागे भरण्यापूर्वी रक्त तपासून घ्या. खरा रक्तक्षय असेल तर नुसत्या खाण्याने भागत नाही, लोहाच्या गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्या सरकारी आरोग्यकेंद्रात मिळतात. दुसरे शाळेत. दुपारचे भोजन सरकार देते. परंतु शाळेच्या फाटकाबाहेर काय विकले जावे हे गावाने ठरवावयाचे आहे. तिसरे बाजारात. आपल्या बचत गटांच्या भगिनी पापड-लोणची उत्तम करतात. त्यांनी नाचणी-शेंगदाण्याचा लाडू आणि भाजके दाणे यांच्या लहान पुड्या केल्या, आणि फलाटावर, नाक्यावर, वीटभट्टीच्या वाटेवरच्या टपरीत त्या लोंबू लागल्या, तर आमच्या दहा व्याख्यानांचे काम त्या एका पुडीने होईल.

कर्जतला गाडीला जादा इंजिन लागते ते गाडी कमकुवत असते म्हणून नव्हे. चढ मोठा असतो म्हणून. आपल्या तालुक्यांतील पुष्कळ मुलांपुढे शिक्षणाचा चढ असाच मोठा आहे. घरात पुस्तक नाही, वडील भट्टीवर, शाळा दोन टेकड्यांपलीकडे. त्यांच्या बुद्धीत काही उणे नाही. रक्तात थोडे उणे आहे. तेवढा जोर मागून लावणे आपल्या हातचे आहे, आणि त्याची किंमत पाच रुपयांच्या आसपास आहे. हिशेब फार मोठा नाही. तो आपण करावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.